लक्ष्मीबाईंची रमा

पंडिता रमाबाई हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. शारदा सदन, मुक्तिसदन, स्त्रीशिक्षण, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार... चार ओळींत बाई संपतात आणि पुढचा धडा सुरू होतो. मला मात्र या बाईंच्या आयुष्यात सगळ्यात जास्त ओढ लागली ती त्यांच्या आईवडिलांची. कारण मैत्रिणींनो, आभाळातल्या बापाच्या मायेवर ज्या मुलीने पुढे सगळं आयुष्य उभं केलं, तिला माया म्हणजे काय हे आधी घरातच कळलेलं होतं. आणि ते घर म्हणजे तरी काय? चार भांडी, पोथ्यांची गाठोडी आणि पायाखालची वाट!

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. एक बाई शुद्ध संस्कृत म्हणते आहे, हे अनंतशास्त्र्यांनी ऐकलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपल्याही बायकोला शिकवायचं. पण पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी हे चालू दिलं नाही. ती वारल्यानंतर यात्रेला निघालेले असताना गोदावरीच्या घाटावर एका गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्याबरोबर त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती. चौकशी झाली, कुळ-गोत्र जुळलं आणि दुसऱ्याच दिवशी लग्न लागलं. नवरा चव्वेचाळीस वर्षांचा आणि नवरी नऊ वर्षांची. तिचंच नाव लक्ष्मीबाई.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हाती आपली नऊ वर्षांची पोर देऊन बाप पुढच्या यात्रेला निघून जातो! रमाबाईंनी स्वतःच पुढे बालविवाहाच्या विरोधात लिहिलं, बोललं. पण त्याच घरात एक नवल घडलं. या प्रौढ नवऱ्याने त्या पोरीच्या हातात नुसती पळी-पोळपाट दिले नाहीत, तर अक्षरं दिली. तिला संस्कृत शिकवलं. लोक खवळले. धर्मपंडितांच्या सभेपुढे उभं राहून अनंतशास्त्र्यांना आपली बाजू शास्त्राच्या आधाराने मांडावी लागली. शेवटी गावातली कटकट नको म्हणून ते बायकोला घेऊन सह्याद्रीच्या रानात, गंगामुळ या ठिकाणी जाऊन राहिले. तिथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत. येईल त्याला जेवण आणि मागेल त्याला विद्या. आणि याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. सहा मुलांपैकी तीन जगली. श्रीनिवास, कृष्णा आणि सगळ्यात धाकटी ही रमा.

आल्यागेल्याचं करता करता पैसा संपला. रमा सहा महिन्यांची असताना या कुटुंबाला डोंगर सोडावा लागला. वेताच्या पेटाऱ्यात तान्ह्या रमेला ठेवलं, पेटारा गड्याच्या डोक्यावर दिला आणि अशी ही पोर डोंगर उतरून जगात आली. पुढची सोळा वर्षं त्यांचं बिऱ्हाड कायम पाठीवर. एका तीर्थक्षेत्राहून दुसऱ्या तीर्थक्षेत्राला जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर राहायचं आणि उरेल ते दानधर्मात घालायचं.

अनंतशास्त्री आता म्हातारे झाले होते. धाकटीला शिकवण्याइतकी ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. मग ते काम लक्ष्मीबाईंनी उचललं. विचार करा, रोज नवं गाव. पाणी कुठून आणायचं इथपासून सुरुवात. म्हातारा नवरा, तीन मुलं, सोवळं-ओवळं, स्वयंपाक. यात शिकवायला वेळ मिळायचा कुठून? लक्ष्मीबाईंनी तो पहाटेतून काढला. दिवस उजाडायच्या आत त्या झोपेने जड झालेल्या पोरीला लाडाने उठवायच्या, जवळ घ्यायच्या आणि श्लोक म्हणून घ्यायच्या. पुस्तक म्हणजे आईचे ओठ. घरकाम सुरू व्हायच्या आधी धडा झालेला असायचा. भागवताचे अठरा हजार श्लोक ही मुलगी अशी शिकली.

आपण 'आईचा त्याग' हे शब्द किती सहज वापरतो. मदर्स डेच्या भेटकार्डावर, शाळेच्या निबंधात, हळदीकुंकवाच्या भाषणात. त्यात आई नेहमी उपाशी राहणारी, स्वतःचं मागे ठेवणारी, गप्प असणारी अशीच असते. लक्ष्मीबाईही उपाशी राहिल्या, ते पुढे येईलच. पण त्यांनी मुलीला दिलं ते आपलं उपाशीपण नव्हे. आपल्याजवळ जे सगळ्यात भारी होतं, जे मिळावं म्हणून नवऱ्याने गाव सोडलं होतं, ते त्यांनी मुलीच्या पदरात टाकलं. स्वतःची झोप मोडून टाकलं. मला वाटतं, त्याग आणि नुसती झीज यांत हाच तर फरक आहे.

वडिलांनीही एक मोठी गोष्ट केली. थोरल्या कृष्णाचं लग्न रीतीप्रमाणे लहानपणी लावून दिलं होतं. ते साफ फसलं. तिच्या वाट्याला सुख आलंच नाही. तो चटका अनंतशास्त्र्यांना इतका बसला की धाकटीचं लग्न त्यांनी लहानपणी केलं नाही. त्या काळात सोळा वर्षांची बिनलग्नाची ब्राह्मणाची मुलगी म्हणजे केवढा गहजब! लोकांची बोलणी त्यांनी ऐकून घेतली, पण पोरीला घाईने उजवली नाही.

मग आला दुष्काळ. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्न मिळेनासं झालं. होतं नव्हतं ते विकलं गेलं. भांडी गेली, दागिने गेले. उरलेले पैसे देव प्रसन्न व्हावा म्हणून दानात आणि अनुष्ठानात गेले. शास्त्र्याच्या घरातल्या माणसांनी मजुरी कशी करायची, भीक तरी कशी मागायची? शेवटी मरायचंच तर लोकांच्या नजरेआड मरावं म्हणून सगळे रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्या. मग म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. आपला भार कमी झाला तर मुलं जगतील, हाही विचार त्यात असेलच.

निरोप घेताना त्यांनी धाकटीला मिठीत घेतलं. तू माझी सगळ्यात लाडकी आहेस, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, आता तू त्याची, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचं ते तिला बोलले. रमाबाईंनी हा प्रसंग अनेक वर्षांनी लिहून ठेवला आहे. ती मिठी आणि ते बोलणं त्या कधी विसरल्या नाहीत. पण तेवढ्यात श्रीनिवास पुढे झाला. घराण्याचा मोठेपणा बाजूला ठेवून मी हमाली करीन, पण तुम्ही जीव देऊ नका, असं त्याने सांगितलं. समाधीचा बेत राहिला. पण शरीर संपलं होतं. थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री गेले.

त्यांच्यामागे लक्ष्मीबाई आजारी पडल्या. तापात बरळताना त्या खाण्याच्या पदार्थांची नावं घ्यायच्या. श्रीनिवासने बहिणीला पाठवलं, कुठूनतरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा आण म्हणून. रमा एका ब्राह्मणाच्या घरी गेली. घरची बाई मायेने बोलत होती, पण रमेच्या तोंडून शब्द फुटेना. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या मुलीला 'भाकरी द्या' एवढं म्हणता येईना! डोळ्यांतलं पाणी तिने निग्रहाने थोपवलं, तर ते नाकातून वाहायला लागलं. त्या माउलीने काय ते ओळखलं, आपणहून विचारलं आणि भाकरी दिली. रमा धावत आईकडे आली. पण आईला घास गिळण्याचीही ताकद उरली नव्हती. काही दिवसांनी लक्ष्मीबाई गेल्या.

तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, खांद्यावर घेतलं तर तिरडी कलायची. म्हणून तिने आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली आणि तशीच ती स्मशानापर्यंत चालत गेली. एकेकाळी हिलाच पेटाऱ्यात घालून डोक्यावरून खाली आणलं होतं. आता तिच्या डोक्यावर तिची आई होती.

पुढे बहीण कृष्णाही कॉलऱ्याने गेली. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी चालत उत्तरेला गेली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. ती पदवी रमाबाईंची खरीच. पण मला विचाराल तर त्यातली अर्धी लक्ष्मीबाईंची होती.

१८८० मध्ये श्रीनिवास ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जातीबाहेरचं, प्रांताबाहेरचं. आसामात सिल्चरला संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने मेधावींना नेलं. चोवीस वर्षंही पुरी झाली नव्हती, तोच पदरात दहा महिन्यांचं मूल घेऊन रमाबाई विधवा झाल्या.

सिल्चरच्या घरात पुस्तकं चाळताना त्यांच्या हाती बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान आलं होतं. याच पुस्तकात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. वाटणी घेऊन घर सोडलेला, सगळं उधळून डुकरं राखण्याची वेळ आलेला मुलगा परत येतो, तेव्हा बाप त्याला लांबूनच पाहतो आणि धावत सुटतो. जाब विचारत नाही, मिठी मारतो. ख्रिस्ती लोक देवाला बाप म्हणतात ते या अर्थाने. बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकात तर देवाची माया आईच्या मायेहूनही पुढची सांगितली आहे. एखादी आई अंगावर पिणाऱ्या बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही, असं तिथे येतं. आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या मधोमध जी गोष्ट उभी आहे, ती म्हणजे देवाने माणसांसाठी आपला एकुलता एक पुत्र दिला. म्हणून तर आईबाप मुलांसाठी जे सोसतात ती त्या मोठ्या प्रेमाची लहानशी सावली, असं ख्रिस्ती माणूस मानतो.

रमाबाई १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज इथल्या मठवासी भगिनींकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठं वादळ उठलं. पण त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांच्याच लेखनातून कळतं. लंडनमध्ये फुलहॅमला या भगिनी एक आश्रम चालवत. समाजाने 'वाईट चालीची' ठरवून टाकलेल्या बायका तिथे राहत. त्यांना कुणी हिणवत नव्हतं, मायेने वागवत होतं. असं का, हे रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी आदराने बोलणाऱ्या येशूची गोष्ट सांगण्यात आली. आपल्या शास्त्रांत अशा बाईसाठी जागा त्यांना कुठे सापडली नव्हती. इथे ती सापडली, असं त्यांना वाटलं.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट येते. रमाबाईंच्या आईवडिलांनी देवासाठी सगळं केलं होतं. व्रतं, उपास, दानं, प्रदक्षिणा. काही राखून ठेवलं नाही. पुण्य गाठीला बांधता बांधता माणसं भुकेने गेली. ज्या मुलीने हे डोळ्यांनी पाहिलं, तिला कमवावं न लागणारं प्रेम हवं होतं. आपण काही करायच्या आधीच जो धावत येतो, असा देव. बाप्तिस्म्यानंतरही खरा विश्वास गवसायला आणखी आठ वर्षं लागली, असं त्यांनीच लिहिलं आहे. आणि वडिलांबद्दल त्यांचा भाव असा, की त्या रानात माझ्या बापाने ज्याच्या हाती मला दिलं, त्यानेच माझा हात धरला. बापाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, इतकंच. त्यांचा हा विचार आपल्याला पटो न पटो, पण नवा धर्म घेताना या मुलीने बापाची मिठी सोडली नाही, ती बरोबर नेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता थोडं मनोरमाबद्दल. कारण त्यागाची गोष्ट सांगताना ज्यांनी किंमत मोजली त्यांचं नावही घ्यायला हवं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे विधवांच्या शाळेसाठी गावोगाव भाषणं देत त्या जवळजवळ तीन वर्षं फिरल्या. पाच वर्षांच्या मनोरमाला त्यांनी परत वॉन्टेजला भगिनींकडे पाठवलं. ती तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना 'आजीबाई' म्हणायची. पाच वर्षांची पोर समुद्रापलीकडे ठेवून परक्या लोकांपुढे उभं राहायचं आणि आपल्या देशातल्या पोरींसाठी पदर पसरायचा! भाकरीचा तुकडा मागताना जिचा शब्द फुटला नव्हता, तीच ही रमा. आता ती दुसऱ्यांच्या लेकींसाठी मागत होती आणि स्वतःच्या लेकीपासून दूर होती.

हे बरोबर की चूक? मला उत्तर देता येत नाही. नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी मुलांना आजीकडे, वसतिगृहात ठेवणाऱ्या कितीतरी जणींना हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. रमाबाईंनी मुलीचा अधिकार मात्र कुणाला दिला नाही. मनोरमाला काय शिकवायचं, कसं वाढवायचं यावरून त्यांचे भगिनींशी पत्रांतून वाद झाले आणि आई म्हणून शेवटचा शब्द आपला, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये ओरड झाली आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरताहेत हे कळल्यावर रमाबाई तिकडे धावल्या. त्यांना नकाशा लागला नाही. ती भूक त्यांच्या ओळखीची होती. तिथून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छापखाना, तेलघाणा, सगळं बायकांच्या हाती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं. फुलहॅमला पाहिलेली माया केडगावच्या माळावर उतरली. मनोरमा शिकून परत आली आणि आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिने ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना वाचायला शिकवलं. पुढे गुलबर्ग्याला शाळा काढली.

रमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं. तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवले मुक्तिसदनच्याच मुलींनी. काम संपत आलेलं असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळीस वर्षांची होती. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. मुलीमागून नऊ महिन्यांच्या आत.

ज्या श्रद्धेवर त्या जगल्या, तिच्या मधोमधही एक बाप आहे, आपलं एकुलतं एक मूल जगाला दिलेला. त्या शेवटच्या नऊ महिन्यांत ही गोष्ट त्यांना कशी दिसली असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. त्या वेळी त्या नुसत्या वाचणाऱ्या नव्हत्या, दिलेल्या होत्या.

मैत्रिणींनो, मुलांसाठी केलेल्या गोष्टींचा हिशेब आपण सगळ्याच कधी ना कधी काढतो. तुमच्यासाठी मी काय काय सोडलं, हे भांडणात एकदा तरी तोंडातून निघतंच. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या त्या धड्यांची परतफेड मागितली नाही. ती मिळाली, पण त्यांना नाही. केडगावच्या उपाशी पोरींना मिळाली. एका आईने भल्या पहाटे उठून एका मुलीला जवळ घेतलं आणि त्या मायेवर पुढे दोन हजार लेकी जगल्या. देवाची माया कशी असते हे ज्याला त्याला आपापल्या श्रद्धेने कळेल. रमाबाईंना ती ओळखता आली, कारण त्यांनी तिची चव आईच्या हाताने आधी घेतली होती.